सीमेवरची राज्ये आणि भारताचे शेजारधोरण

परराष्ट्र व्यवहार हा विषय भारताच्या राज्यघटनेने निःसंदिग्धपणे केंद्राकडे सोपवला आहे. सातव्या परिशिष्टातील संघसूचीत परराष्ट्र व्यवहारांची नोंद दहावी आहे, तर परदेशांशी करार करणे आणि ते अमलात आणणे ही चौदावी. अनुच्छेद २५३ प्रमाणे आंतरराष्ट्रीय करार राबवण्यासाठी संसदेला राज्यसूचीतल्या विषयावरही कायदा करता येतो. अमेरिकेत तहाला सिनेटची दोन तृतीयांश मतांनी मान्यता लागते. भारतात तशी अट नाही. घटना वाचून एखाद्याला वाटावे की दिल्लीने ठरवले आणि शेजारी देशाने होकार दिला, की काम झाले.

प्रत्यक्षात गेल्या सत्तर वर्षांत भारताचे शेजाऱ्यांशी झालेले अनेक महत्त्वाचे करार राज्यांच्या दारात अडले किंवा राज्यांच्या पुढाकाराने मार्गी लागले. याचे कारण करारांच्या विषयांत आहे. शेजाऱ्यांशी बोलणी होतात ती नदीचे पाणी, जमीन, मासेमारी, शेतमाल, निर्वासित आणि रस्ते यांबद्दल. यांतले पाणी, शेती आणि जमीन हे राज्यांचे विषय आहेत. बांगलादेशाशी भारताची सीमा ४,०९६ किलोमीटरची. ती पश्चिम बंगाल, आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराम या पाच राज्यांना लागून जाते, आणि तिचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या पश्चिम बंगालात आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच भाषा बोलणारी, एकमेकांत सोयरीक असलेली माणसे राहतात. त्यामुळे ढाका, कोलंबो किंवा काठमांडू यांच्याशी बोलताना दिल्लीला कोलकाता, चेन्नई आणि पाटण्याचाही विचार करावाच लागतो.

बेरुबारी ते छिटमहल

या प्रश्नाची पहिली मोठी कसोटी बेरुबारीत लागली. सप्टेंबर १९५८ मध्ये जवाहरलाल नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांच्यात सीमाप्रश्नावर करार झाला. जलपायगुडी जिल्ह्यातील बेरुबारी युनियनचा अर्धा भाग त्यानुसार पाकिस्तानला द्यायचा होता. पश्चिम बंगालमध्ये तीव्र पडसाद उमटले आणि विधानसभेने विरोध नोंदवला. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. १९६० मध्ये न्यायालयाने सांगितले की भारताचा भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती हवी. त्याच वर्षी नववी घटनादुरुस्ती झाली, पण बेरुबारीचे हस्तांतर कधीच झाले नाही. १९७४ च्या करारात तो भाग भारताकडेच राहिला. पंतप्रधानांनी दिलेला शब्दही स्थानिक जनमत आणि घटना या दोन्हींच्या कसोटीला उतरावा लागतो, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

१६ मे १९७४ रोजी इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी सीमाकरारावर सह्या केल्या. त्याचा गाभा होता छिटमहलांची अदलाबदल. कूचबिहार संस्थान आणि रंगपूर यांच्यातल्या जुन्या जमीनव्यवहारांतून दुसऱ्याच्या मुलखात अडकलेल्या या वस्त्या. बांगलादेशात भारताच्या १११ होत्या, भारतात बांगलादेशाच्या ५१. दहाला खागराबाडी नावाचा जमिनीचा एक लहानसा तुकडा भारताचा होता. त्याच्या भोवती बांगलादेशाची वस्ती, तिच्या भोवती पुन्हा भारताची वस्ती आणि त्या सगळ्याच्या भोवती बांगलादेश. अशा वस्त्यांत ना स्वदेशाचा पोलीस पोचत होता, ना शाळा, ना दवाखाना, ना वीज. मुलाला शाळेत घालायचे तर शेजारच्या गावातल्या कुणाला तरी कागदोपत्री बाप म्हणून लावावे लागे.

बांगलादेशाने हा करार त्याच वर्षी मंजूर केला. भारताला ४१ वर्षे लागली. आपल्या वाट्याची जमीन कमी होणार हा मुद्दा आसाम आणि पश्चिम बंगालमधल्या पक्षांना सोडवत नव्हता. २०११ मध्ये मनमोहन सिंग आणि शेख हसीना यांच्यात पूरक करार झाला. डिसेंबर २०१३ मध्ये घटनादुरुस्तीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले, तेव्हा भारतीय जनता पक्ष, आसाम गण परिषद आणि तृणमूल काँग्रेस या तिघांनीही विरोध केला. २०१५ पर्यंत चित्र पालटले. सत्तेवर आलेल्या भाजपने तोच करार राष्ट्रहिताचा म्हणून पुढे नेला. विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी आणि वस्त्यांच्या विकासासाठी केंद्राने सुमारे तीन हजार कोटी रुपयांची तरतूद पुढे ठेवल्यावर ममता बॅनर्जी यांच्या सरकारने संमती दिली. मे २०१५ मध्ये दोन्ही सभागृहांनी शंभरावी घटनादुरुस्ती एकमताने मंजूर केली. जूनमध्ये ढाक्यात करारपत्रांची देवाणघेवाण झाली, तेव्हा पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्यासोबत ममता बॅनर्जीही उपस्थित होत्या. ३१ जुलैच्या मध्यरात्री वस्त्यांची अदलाबदल झाली आणि पन्नास हजारांहून अधिक माणसांना प्रथमच देश मिळाला. कराराच्या मूळ आशयात या काळात मोठा फरक पडला नव्हता. राज्याला आधी विश्वासात घेतले, खर्चाची जबाबदारी केंद्राने उचलली आणि विरोधी पक्षांना सोबत घेतले, एवढाच काय तो बदल.

गंगेचा करार झाला, तिस्तेचा अडला

पाण्याच्या दोन वाटाघाटी शेजारी शेजारी ठेवल्या की हा फरक अधिक ठळक होतो. कोलकाता बंदर गाळाने भरू नये म्हणून गंगेचे पाणी भागीरथी-हुगळीत वळवण्यासाठी फराक्का धरण बांधले गेले. १९७५ मध्ये ते सुरू झाले. ३८ किलोमीटर लांबीच्या कालव्यातून ४० हजार क्युसेक पाणी सोडण्याची ही योजना. उन्हाळ्यात नदीतच पाणी कमी असते, तेव्हा कोलकात्याला किती आणि बांगलादेशाला किती, हा वाद वीस वर्षे धुमसत राहिला.

१२ डिसेंबर १९९६ रोजी एच. डी. देवेगौडा आणि शेख हसीना यांनी गंगा जलवाटप करारावर सह्या केल्या. फराक्क्याला ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी पाणी असेल तर निम्मे-निम्मे. ७० ते ७५ हजारांच्या दरम्यान बांगलादेशाला ३५ हजार आणि उरलेले भारताला. ७५ हजारांच्या वर भारताला ४० हजार आणि बाकीचे बांगलादेशाला. जानेवारी ते मे या काळात दर दहा दिवसांनी हिशोब करायचा. ११ मार्च ते १० मे या सर्वांत टंचाईच्या काळात दोन्ही देशांना आलटून-पालटून दहा-दहा दिवस ३५ हजार क्युसेकची हमी.

करारावर सही पंतप्रधानांची असली तरी त्यामागे पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू उभे होते. त्यांचा पक्ष देवेगौडा सरकारला बाहेरून पाठिंबा देत होता. बसूंचे वडिलोपार्जित घर ढाक्याजवळच्या बारदी गावात. करारापूर्वी ते स्वतः ढाक्याला जाऊन बोलणी करून आले होते. कोलकाता बंदराच्या वाट्याला कमी पाणी येण्याची राजकीय किंमत चुकवायला राज्याचे नेतृत्व तयार होते, म्हणून परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल यांच्या शेजारधोरणाला हे यश मिळाले.

तिस्तेच्या बाबतीत याच्या अगदी उलट घडले. सिक्कीममध्ये उगम पावणारी ही नदी उत्तर बंगालातून रंगपूर भागात जाते. गाजलडोबा येथे भारताचा बंधारा आहे आणि खाली डालिया येथे बांगलादेशाचा. १९८३ मध्ये तात्पुरता करार झाला होता. त्यात भारताला ३९ टक्के, बांगलादेशाला ३६ टक्के आणि २५ टक्के पाणी निर्णयाविना ठेवलेले. सप्टेंबर २०११ मध्ये मनमोहन सिंग यांच्या ढाका भेटीत कायमस्वरूपी करार होणार होता. आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराम यांचे मुख्यमंत्री पंतप्रधानांसोबत गेले. ममता बॅनर्जी यांनी मात्र ऐनवेळी जायला नकार दिला. उत्तर बंगालच्या शेतकऱ्यांचे पाणी कमी होईल हा त्यांचा आक्षेप होता. त्याच वर्षी मे महिन्यात त्या सत्तेवर आल्या होत्या, आणि त्यांच्या पक्षाच्या १९ खासदारांवर केंद्र सरकार अवलंबून होते. करार बारगळला. मग बांगलादेशानेही ईशान्य भारताकडे जाणाऱ्या मालवाहतुकीच्या सवलतीचा करार मागे ठेवला. तिस्तेच्या व्यवस्थापनाच्या प्रकल्पात पुढे चीनने रस घेतला आणि एका राज्याच्या पाण्याचा प्रश्न मोठ्या सत्तास्पर्धेत ओढला गेला.

यात सगळा दोष राज्याचा मानणे बरोबर नाही. तिस्तेत उन्हाळ्यात नक्की किती पाणी असते, सिक्कीमच्या जलविद्युत प्रकल्पांचा परिणाम काय, उत्तर बंगालच्या कालव्यांना किती लागते, याचे सर्वमान्य आकडे राज्यापुढे ठेवून वाटाघाटीला सुरुवात व्हायला हवी होती. मसुदा जवळपास पक्का झाल्यावर मागितलेली संमती राज्याला आदेशासारखी वाटते.

त्रिपुराने सीमावर्ती राज्याची दुसरी बाजू दाखवली. पालाटणा येथील ७२६ मेगावॉटच्या गॅसवर चालणाऱ्या वीजप्रकल्पाची अवजड यंत्रे डोंगराळ रस्त्याने नेणे जवळजवळ अशक्य होते. बांगलादेशाने ती आशुगंज बंदरातून नेऊ दिली. लांबलचक ट्रेलर जावेत म्हणून तितास नदीच्या पात्रात भराव घालून तात्पुरते रस्ते केले गेले. त्या मदतीची परतफेड म्हणून २०१६ पासून त्रिपुरातून बांगलादेशाला वीज जाऊ लागली. १९७१ च्या युद्धात त्रिपुराने आपल्या लोकसंख्येच्या तोडीस तोड निर्वासित सांभाळले होते. त्या जुन्या नात्याचे रूपांतर राज्याने वीज आणि रस्त्यांत केले.

तमिळनाडू आणि श्रीलंका

तमिळनाडूचा अनुभव अधिक वेदनादायक आहे. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाओ भंडारनायके यांनी श्रीलंकेच्या चहामळ्यांतील नागरिकत्व नसलेल्या तमिळ मजुरांची विभागणी केली. ५ लाख २५ हजारांना भारताने घ्यायचे, ३ लाखांना श्रीलंकेने नागरिकत्व द्यायचे आणि उरलेल्यांचा निर्णय नंतर. पिढ्यान्‌पिढ्या मळ्यात राबलेल्या माणसांची मोजदाद दोन सरकारांनी आपसात केली. ती माणसे ज्या राज्यात येऊन वसणार होती, त्या राज्याच्या मताला मात्र त्यात गौण स्थान होते.

१९७४ मध्ये सुमारे २८५ एकरांचे कच्चतीवु बेट श्रीलंकेच्या हद्दीत असल्याचे भारताने मान्य केले. एम. करुणानिधी यांच्या सरकारने विरोध केला आणि विधानसभेने ठराव केला. त्या करारात भारतीय मच्छीमारांना बेटावर जाण्याची मुभा होती. मार्च १९७६ मध्ये दोन देशांच्या परराष्ट्र सचिवांच्या पत्रव्यवहाराने एकमेकांच्या हद्दीतली मासेमारी बंद झाली. तेव्हा देशात आणीबाणी होती आणि करुणानिधींचे सरकार जानेवारीतच बरखास्त झाले होते. ज्या मच्छीमारांचा धंदा यात पणाला लागला, त्यांच्या बाजूने बोलणारे निवडून आलेले सरकारच राज्यात नव्हते. पन्नास वर्षांनंतरही निवडणूक आली की कच्चतीवुचा मुद्दा पुन्हा वर येतो, त्याचे मूळ इथे आहे.

या वादाला दुसरी बाजूही आहे आणि ती डोळ्यांआड करता येत नाही. रामेश्वरम आणि आसपासचे ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडणारी जड जाळी ओढतात. त्याने मासळीची पैदासच नष्ट होते. पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे ज्यांचे नुकसान होते, ते जाफना आणि मन्नारचे मच्छीमारही तमिळच आहेत. युद्धाने उद्ध्वस्त झालेली ही माणसे पुन्हा पायावर उभी राहू पाहत आहेत. श्रीलंकेने २०१७ मध्ये तळ खरवडणाऱ्या मासेमारीवर कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी केंद्र आणि तमिळनाडूने दोन हजार ट्रॉलर मालकांना खोल समुद्रातील मासेमारीकडे वळवण्याची योजना आणली, पण महागड्या नौका आणि अपुरे प्रशिक्षण यांमुळे तिचा लाभ मोजक्यांनीच घेतला. भाषेच्या नात्याने आपुलकी वाटते. पण पोटापाण्याचा प्रश्न आला की तीच माणसे समोरासमोर उभी ठाकतात.

श्रीलंकेतील यादवीच्या काळात राज्याच्या भावनेने राष्ट्रीय धोरणाला थेट वळण दिले. जुलै १९८३ च्या हिंसाचारानंतर हजारो निर्वासित तमिळनाडूत आले. एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारची तमिळ वाघांना उघड सहानुभूती होती. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि जे. आर. जयवर्धने यांनी करार केला आणि भारताची शांतिसेना बेटावर उतरली. काही आठवड्यांतच तिला त्याच वाघांशी लढावे लागले. सुमारे १,२०० जवान धारातीर्थी पडले. मार्च १९९० मध्ये सेना मद्रासला परतली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. देशासाठी लढून आलेल्या सैन्याचे स्वागत त्याच देशातल्या एका राज्याच्या मुख्यमंत्र्याला करवत नाही, इतकी दरी त्या धोरणाने पाडली होती. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली आणि तमिळनाडूतील जनमतही वाघांच्या विरोधात गेले.

२००९ मध्ये युद्ध संपल्यावर प्रश्न मानवी हक्कांचा झाला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत भारताने २०१२ आणि २०१३ मध्ये श्रीलंकेविरुद्ध मत दिले. एखाद्या विशिष्ट देशाविरुद्धच्या ठरावांना भारत सहसा टाळत आला होता. २०१३ च्या मतदानाच्या दोनच दिवस आधी द्रमुकने केंद्र सरकारचा पाठिंबा काढला होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये कोलंबोला राष्ट्रकुल परिषद झाली, तिला पंतप्रधान गेले नाहीत, परराष्ट्रमंत्री गेले. २०१४ मध्ये भारताने मतदानात भाग घेतला नाही. या चढउतारात श्रीलंकेतील तमिळांना अधिकार मिळवून देण्याचे मूळ काम, म्हणजे १९८७ च्या करारातून आलेली श्रीलंकेची तेरावी घटनादुरुस्ती पूर्णपणे राबवून घेणे, मागेच राहिले.

नेपाळ आणि म्यानमार

बिहार-उत्तर प्रदेश आणि नेपाळचा तराई यांच्यातले नाते ‘बेटी-रोटी’चे म्हणून ओळखले जाते. २० सप्टेंबर २०१५ रोजी नेपाळने नवी घटना स्वीकारली. तराईतील मधेशींना तीत अन्याय दिसला. सीमेवर आंदोलन सुरू झाले आणि रक्सौल-वीरगंज मार्गावरची मालवाहतूक थांबली. इंधन आणि औषधांची टंचाई झाली. एप्रिलच्या भूकंपातून नेपाळ अजून सावरलाही नव्हता. भारताने नाकेबंदी केल्याचा इन्कार केला, तरी नेपाळी जनतेने दोष भारतालाच दिला. मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी वाहतूक करार केला आणि के. पी. ओली यांनी २०१७ ची निवडणूक राष्ट्रवादाच्या मुद्द्यावर जिंकली. शेजाऱ्याच्याही घरी निवडणुका असतात आणि सीमाभागातील आप्तभावाचा दबाव त्यांना उलट दिशेला ढकलू शकतो, हा त्या वर्षाचा धडा.

मिझोरामने केंद्राशी उघड मतभेद पत्करला. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. पलीकडच्या चिन जमाती आणि मिझो एकाच झो वंशाचे. गृहमंत्रालयाने मार्चमध्ये सीमावर्ती राज्यांना लोंढे रोखण्याची सूचना केली. मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून कळवले की आपल्या रक्ताच्या माणसांच्या हालांकडे मिझोरामला पाठ फिरवता येणार नाही. राज्याने, चर्चने आणि गावोगावच्या संघटनांनी तीस हजारांहून अधिक लोकांना आसरा दिला. शेजारच्या मणिपूरच्या सरकारने मात्र सीमेला कुंपण घालण्याची आणि सीमेपलीकडची मुक्त ये-जा बंद करण्याची मागणी केली. २०२४ मध्ये केंद्राने मुक्त ये-जा थांबवण्याचे जाहीर केले, तेव्हा मिझोराम आणि नागालँडच्या विधानसभांनी विरोधी ठराव केले. एकाच सीमेवरच्या राज्यांची मते इतकी वेगळी असतील, तर ‘सीमावर्ती राज्यांचे मत’ असे एकच मत गृहीत धरता येत नाही.

लासलगावचा कांदा

महाराष्ट्राला आंतरराष्ट्रीय भूसीमा नाही. तरीही शेजारधोरण नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत रोज जाणवते. भारताच्या कांद्याचा बांगलादेश हा सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एक. देशात भाव चढले की शहरी ग्राहकाला सांभाळण्यासाठी केंद्र निर्यात रोखते. सप्टेंबर २०१९ च्या निर्यातबंदीनंतर शेख हसीना यांनी दिल्लीतच सांगितले की त्यांनी स्वयंपाक्याला कांद्याविना रांधायला सांगितले आहे. आधी कळवले असते तर बरे झाले असते, असेही त्या म्हणाल्या. २०२० मध्ये पुन्हा बंदी आली. डिसेंबर २०२३ मध्ये आलेली बंदी ४ मे २०२४ रोजी, नाशिक पट्ट्यात मतदान व्हायच्या आधी, उठली. त्या सप्टेंबरमध्ये विधानसभा निवडणूक तोंडावर असताना किमान निर्यातमूल्य हटवून शुल्क निम्म्यावर आणले गेले. अचानक बंदीने लासलगावचा शेतकरी पडत्या भावाने नाडला जातो आणि ढाक्याचा ग्राहक पाकिस्तान, चीन, तुर्कस्तानकडे वळतो. एकदा दुसरीकडे गेलेले गिऱ्हाईक परत मिळवणे कठीण असते. बाजार स्थिर ठेवणारे निर्यातधोरण हे शेतकऱ्याच्या हिताचे तसेच शेजारधोरणाच्याही हिताचे आहे.

निष्कर्ष

या उदाहरणांतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, राज्याचा प्रभाव दोन गोष्टींवर ठरतो: विषय त्याच्या रोजच्या जगण्याशी किती निगडित आहे, आणि केंद्रातील सरकार त्या राज्यातील पक्षावर किती अवलंबून आहे. आघाडी सरकारांच्या काळात दुसरा घटक वाढतो. पूर्ण बहुमताच्या काळात तो घटतो, पण पहिला कायम राहतो. तिस्तेचा करार २०१४ नंतरही झाला नाही, तो यामुळेच. दुसरी, राज्याला सुरुवातीपासून वाटाघाटीत घेतले आणि त्याच्या नुकसानीची भरपाई ठरवली, तिथे करार झाले. तिसरी, राज्याची भावना खरी असली तरी ती आपोआप न्याय्य ठरत नाही. पलीकडच्या माणसाचे हितही तोलावे लागते, आणि ते तोलण्याची जबाबदारी केंद्राचीच आहे.

यासाठी लागणारी चौकट घटनेत आहेच. अनुच्छेद २६३ खालील आंतरराज्य परिषद याच कामासाठी वापरता येते, पण २०१६ नंतर तिची बैठक झालेली नाही. परराष्ट्र मंत्रालयाने २०१४ मध्ये राज्यांसाठी स्वतंत्र विभाग काढला; त्याचा भर गुंतवणूक, व्यापार आणि परदेशस्थ नागरिकांवर अधिक राहिला. शेजाऱ्यांशी वाटाघाटी सुरू करण्याआधी संबंधित राज्यांशी ठरावीक पद्धतीने विचारविनिमय व्हावा, पाणी आणि मासेमारीचे आकडे दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी मिळून मोजावेत, आणि भरपाईची तरतूद कराराच्या मसुद्यासोबतच जाहीर व्हावी, एवढी शिस्त पाळली तरी बरेच करार अडायचे थांबतील.

या शिस्तीची गरज लगेच लागणार आहे. १९९६ च्या गंगा कराराची तीस वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. पश्चिम बंगालची तक्रार पाण्याची आणि काठ ढासळण्याची आहे, तर फराक्क्यामुळे गाळ साचून पूर वाढतात, ही बिहारची. बांगलादेशातही ऑगस्ट २०२४ मध्ये सत्तांतर झाले. अशा वेळी कोलकाता आणि पाटणा यांना वाटाघाटीच्या मेजावर पहिल्या दिवसापासून बसवणे हाच टिकाऊ कराराचा मार्ग आहे. राज्यांना सोबत घेतल्याने देशाचे परराष्ट्र धोरण दुबळे होत नाही, उलट त्याच्या शब्दाला वजन येते.